६० युनिटं भरली म्हणजे झालं असं नाही

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकायचं आणि तिसऱ्या वर्षाला थेट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीत, दाखल व्हायचं, हा रस्ता बे एरियातल्या मराठी घरांना आता चांगला माहीत झाला आहे. तरीही मंडळाच्या गणपतीत कुणाचा मुलगा फूटहिल किंवा डी अँझा या कम्युनिटी कॉलेजांत जातो असं कळलं की "का हो, मार्क कमी पडले का?" हा प्रश्न चेहऱ्यावर उमटतोच. त्याकडे खुशाल दुर्लक्ष करावं. काळजी करायचीच असेल तर ती वेगळ्याच गोष्टीची करावी: मुलाने पहिल्या सेमिस्टरला कोणते विषय घेतले आहेत?

हा रस्ता कुणी चोरवाट म्हणून काढलेला नाही. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. शाळेतून बाहेर पडणाऱ्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी यूसी, वरच्या एक तृतीयांश मुलांसाठी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू, आणि येईल त्याला दार उघडं ठेवणारी कम्युनिटी कॉलेजं, अशी तिथली वाटणी आहे. कम्युनिटी कॉलेजातून वर जायची सोय त्या आराखड्यातच मुद्दाम ठेवलेली आहे. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. यूसीचं धोरण असं की पहिल्या वर्षाला दोन मुलं घेतली तर तिसऱ्या वर्षाला एक ट्रान्सफरवाला घ्यायचा, आणि हे ट्रान्सफरवाले दहापैकी नऊ कॅलिफोर्नियाच्याच कम्युनिटी कॉलेजांतून येतात. पैशाचा हिशेब तर उघड आहे. राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला, म्हणजे विषयाच्या एका क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात, म्हणजे ट्रान्सफरला लागणाऱ्या ६० युनिटांचे २,७६० डॉलर. यूसीत एका वर्षाची नुसती फी १५ हजारांच्या आसपास जाते, राहणं-खाणं वेगळं.

आपल्याकडच्या वाचकाला यावरून डिप्लोमानंतरचं डायरेक्ट सेकंड इयर आठवेल. दहावीनंतर पॉलिटेक्निक, मग इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. साम्य आहे, पण एका ठिकाणी ते साफ तुटतं. पॉलिटेक्निकमध्ये कोणत्या सेमिस्टरला काय शिकायचं हे बोर्ड ठरवतं. मुलाने फक्त पास व्हायचं. इथे सगळे विषय मुलगा स्वतः निवडतो आणि चुकीचे निवडले तरी त्याला कुणी अडवत नाही. कॉलेज फी घेतं, वर्गात बसवतं, 'ए' ग्रेडही देतं. तो विषय उपयोगाचा नव्हता हे सव्वा वर्षाने अर्ज भरताना कळतं.

गोंधळाचं मूळ एकाच शब्दात आहे: ट्रान्सफरेबल. कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये बहुतेक विषयांपुढे 'यूसी, सीएसयू' असं लिहिलेलं असतं आणि ते बघून घरचे निर्धास्त होतात. त्याचा अर्थ एवढाच, की या विषयाची युनिटं युनिव्हर्सिटी मोजेल. कशात मोजेल, हा प्रश्न उरतोच. एखादा विषय तीन वेगवेगळ्या खात्यांत जमा होऊ शकतो. एक, नुसता युनिटांच्या बेरजेत. दोन, जनरल एज्युकेशनमध्ये, म्हणजे जीईमध्ये: इंग्रजी, कला, सामाजिक शास्त्रं, विज्ञान असं सगळ्यांनाच करावं लागतं ते. तीन, मेजरच्या तयारीत, म्हणजे पुढे ज्या शाखेत पदवी घ्यायची तिचे पहिल्या दोन वर्षांचे विषय. पहिलं खातं आपोआप भरतं. तिसरं भरणं सगळ्यात अवघड, आणि प्रवेश देताना इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, बायॉलॉजी, बिझनेस अशा मागणीच्या मेजरांत तेच आधी बघतात. ६० सेमिस्टर युनिटं आहेत, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ३.८ आहे, पण कॅल्क्युलस दुसऱ्या पायरीवरच थांबलंय, असा मुलगा इंजिनिअरिंगच्या रांगेत फार मागे असतो.

म्हणून विषय मागून पुढे लावत यायचे. आधी मेजर आणि दोन-तीन कॅम्पस, मग त्यांना काय हवं ते, आणि त्यानंतर आपल्या कॉलेजचं वेळापत्रक.

कुणाला काय हवं हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांचे आपसातले विषयवार करार 'असिस्ट' नावाच्या साइटवर सगळ्यांना बघता येतात. शैक्षणिक वर्ष, आपलं कॉलेज, जिथे जायचं तो कॅम्पस आणि मेजर निवडलं की दोन रकाने उघडतात. डावीकडे युनिव्हर्सिटीचा विषय, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा आपल्या कॉलेजचा विषय. दिसायला सोपं, पण वाचताना घाई करू नये. उजवीकडे दोन विषयांमध्ये बारीक 'अँड' असेल तर दोन्ही करावे लागतात. एकाने अर्धं क्रेडिट मिळत नाही. 'ऑर' असेल तर एक पुरे. डी अँझा आणि फूटहिलच्या मुलांना हे 'अँड' वारंवार भेटतं, कारण ती कॉलेजं क्वार्टर पद्धतीची आहेत, म्हणजे वर्षाची दोन सेमिस्टर न करता तीन छोटी सत्रं करतात, आणि क्वार्टरचे दोन विषय मिळून सेमिस्टरवाल्या कॅम्पसचा एक होऊ शकतो. क्वार्टरची युनिटंही वेगळी मोजतात: दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट. तिथे ६० च्या जागी ९० लागतात आणि फी युनिटला ३१ डॉलर असते.

उजव्या रकान्यात कधी 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं दिसतं. म्हणजे त्या विषयाच्या तोडीचा विषय आपल्या कॉलेजात नाही. घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्षही करू नये. शेजारच्या एखाद्या कॉलेजात तो असतो, आणि एका कॉलेजात नाव असताना दुसऱ्यात एखादा विषय घ्यायला हरकत नसते. फक्त एक साखळी दोन कॉलेजांत तोडू नका. कॅल्क्युलस एक इथे आणि दोन तिथे केलं की मधला भाग कुठेच शिकवला गेला नाही असं होऊ शकतं, कारण प्रत्येक कॉलेज अभ्यासक्रम आपापल्या जागी कापतं. शिवाय करारात पूर्ण साखळी मागितली असेल तर अर्धी-अर्धी मान्य होईलच असं नाही. करार दरवर्षी नवे होतात. विषय ज्या वर्षी घेतला त्या वर्षीचा करार बघायचा असतो, म्हणून त्या पानाची पीडीएफ उतरवून ठेवावी.

आता एक उदाहरण घेऊ. समजा सई सॅन होजेत राहते, हायस्कूल झालं आहे, मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं आहे आणि कॉलेज सेमिस्टर पद्धतीचं आहे. यूसीच्या बहुतेक कॅम्पसांना तिच्याकडून साधारण हे हवं असतं: कॅल्क्युलसचे तीन विषय, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॅल्क्युलसवर बेतलेल्या फिजिक्सचे दोन-तीन, केमिस्ट्रीचे एक-दोन, प्रोग्रॅमिंगचा एक, काही ठिकाणी स्टॅटिक्स. यादी बघून वाटतं, दहा-अकरा विषय तर आहेत, चार सेमिस्टरांत सहज वाटून टाकू. वाटता येत नाहीत. कॅल्क्युलस दोन घ्यायला एक झालेलं लागतं, तीनला दोन, डिफरन्शियल इक्वेशन्सला कॅल्क्युलसच्या मागच्या पायऱ्या. म्हणजे नुसत्या गणितानेच चार सेमिस्टर काठोकाठ भरली. पहिल्या फॉलला, म्हणजे शरदातल्या सेमिस्टरला, कॅल्क्युलस एक घेतलं तर दुसऱ्या स्प्रिंगला, म्हणजे वसंतातल्या सेमिस्टरला, शेवटचा विषय संपतो. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. फिजिक्सचं मेकॅनिक्स बहुतेक कॉलेजांत कॅल्क्युलस एक झाल्याशिवाय मिळत नाही, म्हणजे ते पहिल्या स्प्रिंगलाच सुरू होणार. पुढचं इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम त्याच्यावर टेकलेलं.

समजा सईला कुणीतरी सांगितलं, "पहिल्या सेमिस्टरला हलकं घे, कॉलेजची सवय होऊ दे." तिने सायकॉलॉजी, आर्ट हिस्टरी, इंग्रजी आणि स्पीच घेतलं. चारही ट्रान्सफरेबल, चारही जीईत चालणारे. पण गणिताची साखळी एका सेमिस्टरने पुढे सरकली आणि शेवटची कडी तिसऱ्या वर्षाच्या फॉलमध्ये गेली. यूसीचे बहुतेक कॅम्पस ट्रान्सफरवाले फॉललाच घेतात आणि मेजरची तयारी त्याआधीच्या स्प्रिंगपर्यंत संपलेली मागतात. प्रवेशाच्या तोंडावरच्या उन्हाळ्यात आवश्यक विषय उरकून टाकू, असं साधारणपणे चालत नाही. म्हणजे एका सेमिस्टरची ढिलाई आणि नुकसान आख्ख्या वर्षाचं. सवय व्हायची तर ती कॅल्क्युलस घेऊनच व्हावी, शेजारी एखादा हलका जीईचा विषय ठेवून. जीईचे विषय कुठेही बसतात. ते पहिल्याच सेमिस्टरला संपवून टाकले तर पुढे दोन लॅब आणि कॅल्क्युलस एकाच वेळी अंगावर येतात, आणि जीपीए तिथेच पडतो.

गणित कच्चं असेल तर? पूर्वी प्लेसमेंट परीक्षेनंतर मुलं पायाभूत गणितात वर्ष-वर्ष अडकायची. २०१७ आणि २०२२ च्या कायद्यांनी ते जवळजवळ बंद केलं; आता थेट युनिव्हर्सिटीच्या पातळीच्या विषयात बसवतात आणि जोडीला मदतीचा वर्ग देतात. कायदा चांगला आहे, पण त्याने प्रीकॅल्क्युलस डोक्यात शिरत नाही. ज्याला धाकधूक आहे त्याने हायस्कूल संपल्यावरच्या उन्हाळ्यात ते करून टाकावं. तो उन्हाळा मोकळा असतो आणि साखळी पुढे ढकलली जात नाही.

छोट्या कॉलेजांत आणखी एक अडचण: फिजिक्स किंवा स्टॅटिक्ससारखे विषय वर्षातून एकदाच लागतात. मागच्या दोन वर्षांची वेळापत्रकं साइटवर असतात. ती बघितली की कोणता विषय फॉललाच येतो, कोणता स्प्रिंगलाच, ते कळतं. आणि रजिस्ट्रेशनची तारीख सगळ्यांची एक नसते. ओरिएंटेशन पूर्ण केलेल्यांना आणि काउन्सेलरबरोबर एज्युकेशन प्लॅन बनवलेल्यांना आधीची तारीख मिळते. प्लॅन हा नुसता कागद वाटतो, पण कॅल्क्युलसच्या सकाळच्या वर्गातली जागा त्याच्यावर ठरते. काउन्सेलरकडे जाताना असिस्टची पानं छापून न्यावीत. "मला यूसीला जायचंय" असं म्हटलं तर उत्तरही तेवढंच मोघम मिळतं. "डेव्हिस आणि सॅन दिएगो, मेकॅनिकल, हे दोन विषय आपल्याकडे दिसत नाहीत, काय करू?" असं विचारलं की समोरचा माणूसही सरसावून बसतो.

जीईबद्दल थोडक्यात. २०२५ च्या फॉलपासून नव्या मुलांना यूसी आणि सीएसयू दोन्हीकडे चालणारा एकच साचा आहे, कॅल-गेट्सी. ११ विषय, ३४ सेमिस्टर युनिटं, प्रत्येकात किमान 'सी'. इंग्रजी लेखन, क्रिटिकल थिंकिंग, भाषण, गणित, कला, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रांचे दोन, भौतिक विज्ञान, जीवविज्ञान, एथनिक स्टडीज. त्यातल्या एका विज्ञानाला लॅब. आधीच्या मुलांसाठी आयगेट्सी होतं, त्यामुळे मोठ्या भावाची यादी धाकट्याला तशीच्या तशी देऊ नका. विषयांचे क्रमांकही बदलताहेत: इंग्रजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजीसारख्या विषयांना आता सगळ्या कॉलेजांत एकच क्रमांक देणं सुरू झालं आहे. जीईचा साचा पूर्ण करणं ही सोय आहे, सगळीकडे सक्ती नाही. इंजिनिअरिंगसारख्या भरगच्च मेजरांत कॅल-गेट्सीचा हट्ट धरून मेजरचे विषय मागे ठेवणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. इतिहास, समाजशास्त्र, इंग्रजीवाल्यांचं उलट: त्यांची मेजरची यादी छोटी असते, तिथे जीई पूर्ण करून गेलेलं फार सोयीचं.

कॅलेंडरही घरच्यांना फसवतं. आपण दोन वर्षं म्हणतो, पण यूसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातो. त्या दिवशी हातात फक्त पहिल्या वर्षाचे आणि मधल्या उन्हाळ्याचे ग्रेड असतात. बाकीचं 'चालू' आणि 'ठरवलेलं' म्हणून लिहायचं, आणि फॉलचे ग्रेड जानेवारीत कळवायचे. ज्याला 'टॅग' करायचाय त्याने तर सप्टेंबरातच अर्ज करायचा. टॅग म्हणजे ठरलेल्या अटी पाळल्या तर प्रवेशाची हमी. ती डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहाच कॅम्पस देतात. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला करता येतो, त्या वेळी ३० सेमिस्टर युनिटं पूर्ण लागतात, आणि कॉम्प्युटर सायन्स-इंजिनिअरिंगचे बरेच मेजर त्यातून वगळलेले असतात. तरी ज्याचं मेजर बसतं त्याने तो सोडू नये. टॅग करून बाकीच्या कॅम्पसांना नेहमीचे अर्ज करता येतातच. सीएसयूकडे याला समांतर असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर आहे, २०१० च्या कायद्याने आलेली. ती घेतली तर सीएसयूत जागा नक्की आणि पुढे ६० युनिटांत पदवी. पण जागा 'सीएसयूत' नक्की, सॅन होजे स्टेटमध्येच असं नाही. हा फरक माहितीपत्रकात असतो, घरातल्या चर्चेत बहुधा नसतो.

ग्रेडबद्दल दोनच नियम सांगतो, कारण ते उशिरा कळले तर उपाय राहत नाही. 'सी' मिळालेला विषय पुन्हा करून यूसीसाठी जीपीए वाढवता येत नाही; 'डी' किंवा 'एफ' असेल तरच पुन्हा केलेला मोजतात. आणि पास-नापास पद्धतीने घेतलेली १४ सेमिस्टर युनिटंच यूसी मानतं. मेजरचे विषय तर त्या पद्धतीने घेऊच नयेत. यूसीची किमान अट रहिवाशांना २.४ आणि बाहेरच्यांना २.८ अशी आहे, पण तो नुसता उंबरठा. आवडत्या मेजरांत प्रत्यक्ष प्रवेश होतात ते याच्या खूप वर.

आता आपल्या लोकांचा खास प्रश्न, विसा. एच-४ वरचं, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्या आई-वडिलांच्या आधाराने आलेलं, मूल वर्षभर आणि एक दिवस राज्यात राहिल्याचे पुरावे दाखवून रहिवाशाच्या फीला पात्र ठरू शकतं. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी विसावर, तसं होत नाही. भारतातून थेट एफ-१ वर कम्युनिटी कॉलेजला आलेल्या मुलाला सेमिस्टर पद्धतीच्या बऱ्याच कॉलेजांत एका युनिटला तीनशे डॉलरच्या वर मोजावे लागतात, दर सेमिस्टरला किमान १२ युनिटं घ्यावी लागतात आणि त्यात ऑनलाइन विषय एकच धरला जातो. त्याला हुकलेलं सेमिस्टर सईपेक्षा कितीतरी महाग पडतं. एच-४ च्या मुलाला २१ वर्षं पूर्ण होण्याआधी विसा बदलावा लागतो, आणि हा वाढदिवस नेमका ट्रान्सफरच्या आसपास येतो. विसा बदलल्यावर फी कोणत्या दराने लागेल, हे दोन्ही कॉलेजांच्या रेसिडेन्सी ऑफिसकडून लेखी घ्यावं.

पुण्यात किंवा नाशकात इंजिनिअरिंगचं एखादं वर्ष करून आलेल्यांनी एवढं धरून चालावं, की असिस्टमध्ये भारतातली कॉलेजं नाहीत. ते विषय कशात मोजले जातील याची आधी खात्री मिळत नाही, म्हणून मेजरची साखळी त्यांच्या भरवशावर ठेवू नये. पण ते वर्ष अर्जात लपवूही नये, नापास झालेलं असलं तरी. शिकलेलं प्रत्येक कॉलेज लिहावं लागतं, आणि न लिहिलेलं नंतर सापडलं तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

प्रवेश झाल्यावर १ जूनपर्यंत होकार कळवायचा आणि जुलैच्या सुरुवातीपर्यंत शेवटच्या स्प्रिंगसकट ट्रान्स्क्रिप्ट पाठवायचं. इथे एक कागद हमखास राहतो. कॅल-गेट्सी पूर्ण केलं असेल तर त्याचं सर्टिफिकेशन शेवटच्या कॉलेजकडून वेगळं मागावं लागतं. बऱ्याच कॉलेजांत ट्रान्स्क्रिप्टच्या फॉर्मवरच त्याची चौकट असते, तिच्यावर खूण करायची. ते गेलं नाही तर नवा कॅम्पस स्वतःची जीई यादी लावतो आणि दोन वर्षं जमवलेल्या ११ विषयांतले काही तिथे बसत नाहीत.